उजवीकडचा पट्टा

रंगाऱ्याने बेडरूमच्या भिंतीवर शेजारी शेजारी दोन पट्टे मारले आणि ते वाळेपर्यंत तो खाली चहाला गेला.

दोन्ही रंग पिकल्या जर्दाळूसारखे. एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. सकाळच्या उन्हात कितीही निरखलं तरी तिला फरक सापडेना.

"अरे, जरा येऊन बघ ना," तिने नवऱ्याला हाक मारली. तशी फार आशा नव्हतीच. स्वयंपाकघराच्या भिंती कुठल्या रंगाच्या आहेत असं त्याला कुणी विचारलं असतं, तर तो आत जाऊन बघून आला असता.

तो शर्टाची बटणं लावत दारात आला. "डावीकडचा घे," तो म्हणाला. "उजवीकडचा संध्याकाळी दिवा लावला की लालभडक होतो. डोळ्यांवर येतो अगदी."

ती हसली. मग हसायची थांबली.

"तुला कसं माहीत?"

"दुकानदारच म्हणाला ना?"

"दुकानात मी एकटीच गेले होते."

"मग पाहिला असेल कुठेतरी."

"कुठे?"

"ऑफिसात वगैरे. आता रंगावरून माझी उलटतपासणी घेणार आहेस का?"

तिने जाऊन खिडकीचे जाड पडदे ओढून घेतले आणि पलंगाशेजारचा दिवा लावला.

डावा पट्टा होता तसाच राहिला. उजवा मात्र तापल्यासारखा लाल झाला. तो म्हणाला होता अगदी तसा.

त्याने भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही. तो तिच्याकडे बघत होता, आणि वरचं बटण लावलेलं असूनही त्याची बोटं गळ्याशीच चाचपडत होती.

"कुणाची खोली आहे ती?" तिने हळूच विचारलं.

"तू उगाच काहीतरी..."

जिन्यावर पावलं वाजली. रंगारी ब्रश घेऊन आत आला. भर सकाळी पडदे ओढलेले पाहून तो दारातच घोटाळला.

"काय ठरलं ताई? कुठला मारू?"

"यांना विचारा," ती म्हणाली. तिचा आवाज जराही चढला नव्हता. "त्या रंगात राहून आलेत ते."

रंगाऱ्याने दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं. मग तो खाली वाकला आणि उघडलेल्या डब्यांची झाकणं एकेक करून ठोकून बसवू लागला.