वडिलांचा खोकला

हे लिहिणारच नव्हतो, पण डोक्यातून जाईना.

एका घड्याळजीला कामाच्या वेळी शांतता हवी होती. तीन-चार अ‍ॅप बघून त्याने एक पसंत केलं. हेडफोन घालायचे, नको तो आवाज निवडायचा, की तो बंद. त्याने वडिलांचा खोकला निवडला.

संध्याकाळी हेडफोन काढले. बाबा खाटेवर वाकून खोकत होते, पण आवाज नव्हता. हातातला पेला पडला, तो मात्र खणकन वाजला.

ताई धावत आली. “अहो बाबा, बोला की. घसा बसला का?”

बाबांचे नुसते ओठ हलले.

त्याने अ‍ॅप काढून टाकलं. ओठ तसेच हलत राहिले.

तेवढ्यात मित्राचा फोन आला. “तू सांगितलेलं अ‍ॅप घेतलं रे. कोणाचा आवाज बंद करू विचारतंय. डोकं तर तूच खातोस.”

“नको दाबूस,” तो म्हणाला. “यापुढे तू म्हणशील तेव्हाच बोलेन.”