हिरोची पेशी

"कर चुकवणारा कलावंत म्हणजे देवाच्या दानपेटीत हात घालणारा पुजारी," गुणवंतराव म्हणाले. आवाज एस्टीच्या शेवटच्या सीटपर्यंत पोचला.

"ते बरोबर हाय भाऊ," कंडक्टर म्हणाला, "पण तिकीट?"

"चंद्रपूर. माझं फुल, बाईचं हाफ."

"तुमचंबी हाफच बसन ना. आधार दाखवा. पासष्ट तं झालेच असन."

"फुल."

त्यांच्या पत्नी सुगंधाबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "आधार माह्या पिशवीत हाय."

"फुल म्हणलं ना."

कंडक्टरनं मुकाट्यानं फुल तिकीट फाडलं. झाडीपट्टीच्या नाटकांत गुणवंतराव अजूनही कॉलेजात शिकणारा हिरो होते. इतक्या वर्षांत त्यांची एकही परीक्षा झाली नव्हती.

आज मात्र होती, चंद्रपूरच्या आयकर ऑफिसात पेशी. आयकराची नोटीस मोबाइलवर आली आणि गुणवंतरावांना ती वाचता येईना, म्हणून कुरखेड्याच्या सेतू केंद्रात नेली. केंद्रवाल्यानं ती सातबाऱ्याच्या रांगेसमोर खड्या आवाजात वाचून दाखवली. संध्याकाळपर्यंत तालुक्याला पाठ झाली. दानपेटीचं वाक्य गुणवंतराव तेव्हापासून म्हणत होते. पण म्हणताना कुणाच्या डोळ्यांत पाहत नव्हते.

मागच्या सीटवरून पोचू पुढे वाकला. गुणवंतरावांचं एकही नाटक त्यानं सोडलं नव्हतं.

"भाऊ, खरं सांगा. किती दाबून ठेवलं?"

"पोचू, जे बोलाचं ते म्याडमसमोर बोलीन."

"म्हणजे हाय," पोचूनं बसला कळवलं.

पलीकडच्या सीटवरच्या बुधरीनं सुगंधाबाईंना निरखलं. "बाईचा गळा पाहा. नुसती काळी पोत. सोनं माहेरी पोचवलं असन."

"हुशार हाय बाई," पोचू म्हणाला. "अन् गाडीबी नाई घेतली भाऊनं, एस्टीनं चालले. छापा पडला तं गाडी पयले नेते म्हणतात."

सुगंधाबाईंनी पदर गळ्याभोवती ओढून घेतला. गुणवंतरावांनी दुपट्टा तोंडावर घेतला आणि झोप लागल्याचा अभिनय केला. तो मात्र साधला नाही. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

दिवाळी तोंडावर आली होती. भाऊबीजेपासून गावोगावी मंडईच्या जत्रा भरणार, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक. वडशाच्या नाटक कंपन्या याच दिवसांत हिरो कोण आणि एका नाईटचे किती, हे ठरवत. त्यातल्या मोठ्या कंपनीचा मालक आदेशशेट. त्यानं ऑफिसच्या भिंतीवर नटांच्या आयकराच्या पावत्या काचेत लावल्या होत्या. गावचे मंडईवाले त्या पाहून नाटक ठरवत. जेवढा मोठा कर, तेवढा मोठा नट. गुणवंतरावांची पावती सगळ्यांच्या वर होती. ती उतरली की हिरोचं काम जाणार आणि हिरोच्या बापाचं मिळणार. झाडीपट्टीत हिरोचा बाप पहिल्याच अंकात मरतो.

वडसा आलं तसा आदेशशेटचाच फोन वाजला.

"भाऊ, पोस्टर प्रेसमध्ये अडवून ठेवलं. तुमचा फोटो वर ठेवू का काढू?"

"दुपारी सांगतो."

"नको. मीच येऊन राह्यलो चंद्रपूरले. ऑफिसच्या खाली थांबतो."

ही बातमीही बसनं ऐकली. चंद्रपूरला पोचूचं काहीच काम नव्हतं, तरी तो यांच्यामागे आयकर ऑफिसच्या फाटकापर्यंत आला आणि आदेशशेटच्या गाडीला टेकून उभा राहिला.

अधिकारी होत्या सत्यशीला रामटेके. त्यांनी उठून नमस्कार केला.

"मी ब्रह्मपुरीची. लहानपणी बाबा बैलगाडीतून तुमच्या नाटकाला न्यायचे."

ही ओळख निघाली नसती तर बरं झालं असतं, असं गुणवंतरावांना वाटलं. ते आपल्या चपलांकडे पाहत राहिले.

"कंपन्यांकडून माहिती मागवली," सत्यशीला म्हणाल्या. "त्यांनी तुम्हाला दिलेले पैसे आणि तुम्ही दाखवलेली कमाई, मेळ बसत नाही."

"नाई बसत."

"फरक थोडाथोडका नाही, भाऊ."

"नाई."

"चुकून झालं?"

"नाई म्याडम. मुद्दाम."

पंखा फिरत होता, तरी गुणवंतरावांच्या कपाळावरून कलपाचा एक काळा ओघळ निघाला. सुगंधाबाईंनी तो पदरानं पुसला.

"सांगून टाका," त्या म्हणाल्या. "लोकांसमोर रोज मरता. आज एकीसमोर मरा."

"दार लावता का म्याडम?"

सत्यशीलांनी स्वतः उठून दार लावलं.

"कंपन्यांनी दिलेले पैसे दाखवलेल्या कमाईच्या चौथाईसुद्धा नाहीत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "बाकीचे कुठून आले?"

"बाकीचे आलेच नाई."

सत्यशीलांच्या हातातलं पेन थांबलं.

"म्हणजे?"

"चौथाईच मिळते. हिरोले वय झालं की नाईट कमी होते."

"मग न मिळालेल्या पैशावर कर भरला काऊन?" सत्यशीलांची भाषा ब्रह्मपुरीला परत गेली.

गुणवंतरावांनी खिडकीतून खाली आदेशशेटच्या गाडीकडे पाहिलं. सुगंधाबाईंनी पदर पुन्हा गळ्याभोवती घेतला. सत्यशीलांनी तिकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

"अर्ज द्या," त्या म्हणाल्या. "जास्तीचं परत मिळतं का पाहू. तुमची कमाई दाखवल्यापेक्षा कमी, तुमच्याकडे सरकारचं काहीच निघत नाही. तसं लिहून देते. खाली सगळ्यांना दाखवा, ताठ मानेनं जा."

गुणवंतरावांनी घाईघाईनं हात जोडले. आवाज असा, की पहिल्या रांगेलाही ऐकू गेला नसता.

"तसं नका लिहू म्याडम. खाली मालक थांबला हाय. थोडासा दंड लावता का?"