सुभद्राबाईंचं खत

टाळ जरा खाली ठेवा मायबाप, जवळ सरका. एक गोष्ट सांगतो. महाराष्ट्र राज्य नवंनवं झालं होतं तेव्हाची, पिंपळगाव राजा या गावातली. सुभद्राबाई घरात एकट्याच. लांबच्या शिवारात त्यांची पेरूची बाग होती. तिथल्या खताच्या खड्ड्यासाठी त्या रोज टोपलं घेऊन घरोघरचा पालापाचोळा, भाजीची देठं मागायच्या, आणि प्रत्येक ओट्यावर घटकाभर टेकायच्या.

"काऊन वो मावशी, तुमच्या झाडायचं पोट भरतच नाही काय?" शेजारचा इंद्रभान चिडवायचा. "रोज कायले फिरता? साऱ्या आळीचा कचरा मीच एकदम बैलबंडीत घालून बागेत नेऊन टाकतो ना."

"नको बाप्पा," त्या घाईनं म्हणायच्या. "माह्या झाडाले माह्याच हातचं लागते."

कार्तिकात सुभद्राबाई गेल्या. एवढं खत वाया जाऊ नये, त्यांच्याच झाडांना घालावं, म्हणून इंद्रभान पहिल्यांदाच त्या बागेत गेला.

खड्ड्यावर काळ्याभोर खताचा ढीग छातीएवढा झाला होता. विहीर कोरडी होती, आणि कित्येक वर्षांपूर्वी वाळलेल्या पेरूंची नुसती खोडं उभी होती.

उद्या दारात कुणी असंच काही क्षुल्लक मागायला आलं, तर आधी 'बसा' म्हणा. आणि सुभद्राबाईंची आठवण ठेवा, मायबाप.