सायकलची शिंगं

सायकलच्या हँडलच्या टोकाला बसवलेलं उजवं शिंग काही केल्या निघत नव्हतं. सिद्धांतनं पाना पुन्हा लावला, जोर दिला, आणि शेवटी ते त्याच्या हातात आलं. सुधाकररावांनी हात पुढं केला आणि परत मागं घेतला.

"जुनी हँडलं अरुंद असायची, बाबा," सिद्धांत नवं, ऐसपैस हँडल बसवत म्हणाला. "चढावर जोर लावायला, हात बदलायला ही शिंगं लागायची. आता हँडलच रुंद झालं. शिवाय जंगलात ती फांदीत अडकतात आणि माणूस आपटतो. बिल्कुल आउटडेटेड!"

वडिलांच्या वाढदिवसाची ही भेट घेऊन तो गुरुग्रामहून आला होता. दर रविवारी अरवलीच्या डोंगरांत सायकल दामटणारा मुलगा. त्याच्या बोलण्यात खोट काढायला जागाच नव्हती.

पण सुधाकररावांना ती शिंगं चढावासाठी नकोच होती. ते राहत त्या मयूर विहारमध्ये चढ आहेच कुठं? त्यांच्या बायकोची, मीनाक्षीताईंची, नजर काचबिंदूनं अंधूक झाली होती. रोज सकाळी ते सायकल हातात धरून चालत आणि ताई पलीकडून उजवं शिंग धरून चालत. सोसायटीतले लोक हसत, "अंकलजी साइकिल को घुमाने ले जा रहे हैं." हसेनात का. सिद्धांतला मात्र कळता कामा नये, अशी ताईंनी शपथच घातली होती. कळलं, तर तो त्यांना गुरुग्रामला नेऊन सोफ्यावर बसवून ठेवील. मग कसलं फिरणं आणि कसली सकाळ.

"चलो, फिरवून तर आणा!" म्हणत सिद्धांतही त्या दोघांसोबत खाली उतरला.

खाली धुकं होतं. यमुनेकडून आलेलं, सायीसारखं दाट. झाडं, गाड्या, गेटवरचा गार्ड, सगळं अर्धवट पुसलेलं. अशा सकाळी ताईंना फार बरं वाटे. जगात कुणालाच त्यांच्याहून जास्त दिसत नसे.

ताईंनी सवयीनं हात पुढं केला. तो ब्रेकवर पडला आणि सायकल गचकन थांबली.

"माझाच हात लागला," सुधाकरराव घाईघाईनं म्हणाले. थोडं चालले, तर पुन्हा गचका. मग ताईंनी हात उचलला आणि शिंग असायचं तिथं त्या धुक्यात चाचपडू लागल्या.

सिद्धांत जागीच थांबला. आईची बोटं हवेत काहीतरी शोधत होती आणि तिची नजर भलतीकडंच होती.

"आई," त्यानं विचारलं, "कधीपासून?"

सुधाकररावांना रडू फुटायचंच बाकी होतं. त्यांनी सायकल मुलाच्या हाती दिली. नवरा-बायकोच्या मधली जागा रिकामी झाली. उभ्या संसारात हे दोघं रस्त्यानं हात धरून कधी चालले नव्हते. नोकरीतली सगळी वर्षं जिथं गेली त्या आर. के. पुरमच्या सरकारी कॉलनीत तसं कुणी चालतच नसे. सुधाकररावांनी इकडंतिकडं पाहिलं आणि बायकोचा हवेतला हात आपल्या हातात घेतला.

गार्डनं नमस्ते केलं. समोरून येणाऱ्या बायका बोलायच्या थांबल्या. ताई लाजल्या, पण त्यांनी हात सोडवून घेतला नाही. उलट बोटं घट्ट केली.

"सिद्धांत," त्या मागं न बघता म्हणाल्या, "ती शिंगं मागच्या वर्षीच का नाही रे काढलीस?"