महालक्ष्म्यांपुढची लढाई

यंदा महालक्ष्म्यांपुढं लढाईचा देखावा करायचा ठरला, म्हणून नेकनूरच्या बायनाबाई बीडला खेळण्यांच्या दुकानात आल्या. दुकानदारानं जुळवायचा रणगाडा दाखवला, त्यांनी तो हातातही धरला नाही. पाकिटातले बंदूकवाले शिपाई एकेक करून बाजूला सारले आणि कानाला वायरलेस लावलेला तेवढा मुठीत घट्ट धरला.

"असलेच द्या."

"आजी, एका पाकिटात तसला एकच येतो."

"मग समदी पाकिटं फोडा! माझा लेक सरहद्दीवर हाय. गोळीबार सुरू झाल्यापासनं फोन न्हाई त्याचा."



महालक्ष्म्यांपुढं अख्खी पलटण उभी राहिली. एकाच्याही हातात बंदूक नव्हती. सगळे घरी फोन लावत होते.