पिवळी रेघ

आंबिवलीचा साईनाथ मिस्त्री इंजिन बांधून झालं की प्रत्येक नटावर पिवळी रेघ ओढायचा. दुसऱ्या कोणी पाना फिरवला की रेघ तुटायची आणि याला बरोबर कळायचं. रतनच्या डिझेल पिकअपचं इंजिन त्याने महिनाभर खपून नव्याने बांधलेलं, मोठा टर्बो चढवलेला. आणि आज टर्बोच्या पाइपावरचीच रेघ तुटलेली!

"डोंबिवलीच्या त्या लॅपटॉप लावून गाड्या दुरुस्त करणाऱ्या सुमितकडे गेलेलास ना?"

रतनने मान खाली घातली.

"कालचं पोर ते! इंजिन मी बांधायचं आणि नाव त्याने कमवायचं? थांब, बघतोच त्याला." साईनाथने पाना उचलला.

"दादा, ऐका तर. माळशेज घाटात गाडी चढेना, नुसता काळा धूर. सुमितकडे नेली, त्याने पाइप उघडला, तर आत हे." रतनने सीटखालून तेलकट फडकं काढलं. काम चालू असताना आत काही पडू नये म्हणून साईनाथनेच कोंबलेलं, त्याच्याच जुन्या चौकड्याच्या लुंगीचं.

पाना हळूच खाली आला. "मग काय, गावभर सांगितलं असेल त्याने."

"उलट मलाच दम दिलाय. म्हणाला, कोणी विचारलं तर फिल्टर बदलला म्हणून सांग. साईदादांचं नाव निघता कामा नये."