हुकूम

"बेन!" टिपणीस सर व्हिडिओ कॉलवर नातवासमोर ताठ बसून गरजले. 'बेन' म्हणजे स्पॅनिशमध्ये 'ये'. चाळीस वर्षं शाळेच्या मैदानावर कवायत घेतलेला आवाज होता तो. स्पॅनिशच्या क्लासच्या बाईंनी 'कृपया'पासून सुरुवात करू म्हटलं, तेव्हा सरांनी त्यांनाच दटावलं होतं, "आधी हुकूम शिकवा. 'ये' म्हटलं की नातू आला पाहिजे."

मुलानं परस्पर स्पेनमध्ये लग्न केलं, तेव्हाही त्यांनी असंच बजावलं होतं, "भेटायचं तर तुम्ही या. तुझ्या दारात मी पाऊल टाकणार नाही." पाच वर्षं कुणीच हललं नव्हतं.

चार वर्षांचा नातू दचकलाही नाही. हातातला चमचा आजोबांवर रोखून तो दुप्पट जोरात ओरडला, "बेन तू!"

"तुम्हीच या म्हणतोय, बाबा," मुलगा चाचरत म्हणाला.

"कळलं मला!" सर खेकसले, पण खुर्चीखाली त्यांच्या टाचा आपोआप जुळल्या होत्या. जरा वेळानं ते बायकोकडे न बघता पुटपुटले, "पासपोर्टला किती दिवस लागतात?"

"माझा कधीच आलाय," ती म्हणाली. "तुमच्या फॉर्मवर फक्त सही राहिलीय. करा."